चायनीज एल्म बोन्साय: खोड आणि मुळांची छाटणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वड, उंबर, जेड यांच्यावर हात बसला की पुष्कळ जण चायनीज एल्मकडे वळतात, आणि पहिली करवत लावायची वेळ आली की अडखळतात. फांद्या कापताना कुणाला फारशी भीती वाटत नाही. भीती असते ती अख्खं खोड मधूनच उडवण्याची आणि कुंडी उपडी करून मुळांना हात घालण्याची. हे पान त्यांच्यासाठी आहे. सगळी उत्तरं एकाच गोष्टीभोवती फिरतात: एल्म घडतो तो दोन कापांच्या मधल्या वाढीमुळे. ती वाढ पदरात पडली नसेल, तर काप कितीही सफाईदार असला तरी हाती काही लागत नाही.

एल्म म्हणजे नक्की कोणतं झाड? आपला वावळ म्हणजे एल्मच ना?

इथे सगळी चर्चा चायनीज एल्मची आहे, म्हणजे उल्मस पार्व्हिफोलियाची. चीन, जपान, कोरिया, तैवान हा त्याचा मुलूख. जमिनीत वाढलेल्या झाडाचं पान साधारण 2 ते 5 सेंटीमीटर असतं आणि बोन्सायमध्ये ते एका सेंटीमीटरपर्यंत खाली येतं. ओळखायचं असेल तर पान उलटून देठापाशी बघा. पानाच्या दोन बाजू देठाला एका जागी मिळत नाहीत, एक बाजू जराशी खाली उतरलेली असते. कडा दातेरी असते. झाड जुनं झालं की साल पातळ खपल्यांनी सुटते आणि खाली राखाडी, हिरवट, नारिंगी असे ठिपके दिसतात.

वावळ याच कुळातला आहे, पण वंश वेगळा. त्याचं पान चांगलंच मोठं, आणि फळं कागदी चकत्यांसारखी. त्याचंही बोन्साय होतं, पण खाली दिलेली मापं आणि मोसम वावळाला जसेच्या तसे लावू नका.

खोड मुळात कापायचंच कशाला?

निमुळतेपणासाठी. मोठं जुनं झाड लांबून बघा, बुंधा रुंद आणि वर जाताना खोड बारीक होत गेलेलं. नर्सरीतलं रोप खालपासून वरपर्यंत जवळजवळ एकाच जाडीचं असतं, म्हणून कितीही लहान पानं आणली तरी ते काडीला पानं लावल्यासारखंच दिसतं. खोड खालून कापायचं, नवा शेंडा वाढवायचा, तोही थोड्या उंचीवर कापायचा, पुन्हा नवा शेंडा. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड. चीनच्या दक्षिणेला ग्वांगडोंगमध्ये लिंगनान परंपरेतले लोक याच पद्धतीने झाडं घडवत आले आहेत. फांद्या तारेने वळवण्यावर भर कमी, कात्री आणि वाढ यांच्यावर जास्त. एल्म हे त्यांचं आवडतं झाड, कारण तो कापाला लगेच फुटीने उत्तर देतो.

माझ्या एल्मचं खोड बोटाएवढं जाड आहे. आता कापू का?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोक हिरमुसतात, पण कापल्याने खोड जाड होत नाही. जाडी येते ती वर मोकळं सुटलेल्या पाल्यामुळे. उथळ बोन्साय ट्रेमध्ये लावून दर पंधरवड्याला शेंडे खुडत बसलात तर पाच वर्षांनीही खोड जवळपास तेवढंच राहील.

अंदाजासाठी साधं प्रमाण असं: बुंध्याच्या जाडीच्या सहापट उंची डोळ्याला बरी दिसते. 30 सेंटीमीटरचं झाड हवं असेल तर बुंधा 5 सेंटीमीटरच्या आसपास हवा. तेवढी जाडी येईपर्यंत झाड जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळं वाढू द्या. फ्लॅटच्या गॅलरीत जमीन नसते, तिथे भाजी धुवायची मोठी प्लास्टिकची जाळीदार टोपली उत्तम काम देते. मुळाचं टोक जाळीपर्यंत आलं की हवेने सुकतं आणि मागून नवी बारीक मुळं फुटतात. गोल गोल फिरणाऱ्या मुळांची कटकट बरीच कमी होते. टोपलीतली माती लवकर वाळते, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

खोड नेमकं कुठे कापायचं?

ठरवलेल्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर. 30 सेंटीमीटरच्या झाडासाठी पहिला काप 10 सेंटीमीटरवर. बहुतेकांना हे फार खाली वाटतं आणि ते 15-18 सेंटीमीटरवर कापतात. मग खोडाचा खालचा निम्मा भाग सरळसोट खांब राहतो आणि पुढे काहीही केलं तरी तो लपत नाही. मला विचाराल तर चूक करायचीच असेल तर खालच्या बाजूला करा. खाली कापलेलं झाड पुन्हा वाढवता येतं, उंच कापलेलं मात्र एक दिवस पुन्हा कापावंच लागतं.

त्या उंचीच्या जवळपास एखादी फांदी असेल तर नशीब. तिलाच नवा शेंडा करायचं. फांदी नसेल तरी घाबरायचं कारण नाही, एल्मच्या जुन्या सालीतून सुप्त डोळे, म्हणजे झोपलेले अंकुर, फुटतात.

कोणत्या महिन्यात कापायचं?

महाराष्ट्रात दोन खिडक्या मिळतात. पहिली जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पुणे, नाशिक भागात थंडीने पानं पिवळी पडून बरीचशी गळलेली असतात आणि डोळे नुकते फुगायला लागलेले असतात. झाडाने साठवलेलं अन्न खोडात आणि मुळांत असतं, कापल्यावर ते सगळं नव्या फुटीला मिळतं. दुसरी खिडकी पाऊस नीट बसल्यावरची, जूनचा शेवट ते जुलै. हवेत दमटपणा असतो, फूट जोरात येते, मात्र बुरशीही तितकीच जोरात येते.

विदर्भात पहिली खिडकी फार अरुंद आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जमलं नाही तर सरळ पावसाची वाट बघा, कारण मार्चमध्ये ऊन चढायला लागतं. कोकण-गोव्यात एल्म पूर्ण पानं गाळतच नाही, तेव्हा पानांकडे न बघता डोळ्यांकडे बघायचं. फांदीच्या टोकाचे डोळे तपकिरीचे हिरवट दिसू लागले की वेळ झाली. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचं ऊन, या दिवसांत खोडाला करवत लावू नये.

प्रत्यक्ष काप कसा घ्यायचा?

जवळ फांदी नसेल तर पहिला काप आडवा आणि सरळ घ्या, तोही ठरवलेल्या जागेच्या 2-3 सेंटीमीटर वर. कारण डोळे कुठे फुटतील हे आधी सांगता येत नाही, आणि कापाखालचा थोडा भाग पुष्कळदा वाळतो. तिरका काप पहिल्याच दिवशी घेतला आणि फूट नको त्या बाजूला आली तर सगळं गणित बिघडतं.

बारीक दातांची, धारदार छाटणीची करवत घ्या. पाती स्पिरिटने पुसून. खोड दुसऱ्या हाताने घट्ट धरा, नाहीतर काप संपता संपता साल खालपर्यंत सोलत जाते. मग कटरच्या नव्या पात्याने कडा गुळगुळीत करा. आता ती कडा नीट बघा. बाहेर तपकिरी साल, आत फिकट लाकूड, आणि दोघांच्या मध्ये दोऱ्याएवढी ओली हिरवट रेघ. जखम भरून येते ती याच रेघेतून. करवतीने ही रेघ फाटून तंतू लोंबत राहतात आणि तिथे पाणी धरतं, म्हणून पातं फिरवायचं. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते वगळू नये.

पुढच्या हंगामात, एक फूट शेंडा म्हणून निवडून ती पेन्सिलीएवढी झाली की दुसरा काप. शेंड्याच्या मागच्या बाजूने सुरू होऊन खोडाच्या विरुद्ध बाजूला तिरका खाली उतरणारा. मध्यभाग किंचित खोलगट ठेवला तर भरून येणारी साल फुगवटा न करता सपाट बसते. अवतल कटर (खोलगट काप घेणारी बोन्सायची कात्री) असेल तर हे सोपं जातं, नसेल तर लाकूडकामाची गोल पटाशी चालते.

नव्या शेंड्याला लगेच आकार द्यायचा मोह आवरा. तो मोकळा, उंच, वेडावाकडा वाढू द्या. त्याची जाडी खालच्या टप्प्याच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त झाली की मगच त्याला कापायचं. आधी कापलात तर खालचा जाड बुंधा आणि वर बारीक काडी असा सांधा कायमचा दिसत राहतो.

कापाच्या कडेला फुटव्यांचा अख्खा झुपका आलाय. राहू द्यावा का?

चायनीज एल्मची ही खास सवय. काही आठवड्यांत साल आणि लाकूड यांच्या मधल्या रेघेवर मोहरीएवढे फिकट हिरवे, लालसर ठिपके दिसतात आणि बघता बघता कडेभोवती फुटवे येतात. पहिले काही दिवस काही काढू नका, झाडाला पाला हवा असतो. फुटवे चार-पाच सेंटीमीटरचे झाले की निवड करा: एक शेंड्यासाठी, एक राखीव म्हणून, आणि खाली खोडावर योग्य जागी आलेले असतील तर फांद्यांसाठी दोन-तीन. कडेवरचे बाकीचे सगळे बोटाने मोडून टाका.

ते तसेच ठेवले तर त्या जागी खोड फुगतं, वर जाड आणि खाली बारीक अशी उलटी निमुळती गाठ तयार होते. ती घालवायची तर तोच भाग पुन्हा कापावा लागतो. त्यामुळे या एका कामात आळस परवडत नाही. मोडलेल्या जागी पुन्हा फुटतात, पुन्हा मोडायचे.

जखमेला काय लावायचं? हळद चालते का?

हळदीवर आपला जीव आहे, पण इथे तिचा उपयोग थोडा. लेप वाळला की तडकतो आणि गळून पडतो. जखमेला आपण औषध लावत नसतो, ती हिरवी रेघ सुकू नये एवढंच बघत असतो. तयार कट-पेस्ट मिळाली तर उत्तम. नाहीतर कडेला व्हॅसलीनचा पातळ थर देऊन वर मुलांची खेळायची मऊ क्ले दाबून बसवली तरी काम होतं. पांढरा गोंद लहान कापांना ठीक, पावसात मात्र धुऊन जातो.

पावसाळ्यात मोठा काप घेतला असेल तर मधल्या उघड्या लाकडाला बोर्डो पेस्ट लावा. डाळिंब-आंब्याच्या बागायतदारांना ती माहीतच आहे: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. आपल्याला हवी चमचाभर, तेव्हा 10 ग्रॅम, 10 ग्रॅम आणि 100 मिलिलिटर पुरे. धातूच्या भांड्यात करू नका, आणि साल-लाकडाच्या कडेपासून थोडी लांब ठेवा.

आणि जखम भरते ती पेस्टने नाही, वरच्या पाल्याने. जमिनीत जोरात वाढणाऱ्या झाडाची जखम दोन-तीन हंगामांत मिटते, तीच उथळ ट्रेमध्ये वर्षानुवर्षं तशीच राहते. म्हणून मोठे काप ट्रेमध्ये जाण्याआधीच उरकून घ्यायचे.

कापलेला वरचा भाग वाया जातो, जीव तुटतो. काही करता येईल?

हो, कापण्याआधी गुटी बांधा. चायनीज एल्म गुटीने सहज मुळं धरतो. पाऊस सुरू झाला की ठरवलेल्या जागेच्या थोडं वर खोडाची साल जाडीच्या दीडपट रुंदीने गोल काढायची, आतला ओला थर पात्याने पूर्ण खरवडायचा, भोवती भिजवून पिळलेलं शेवाळ आणि वर प्लास्टिक घट्ट. साधारण दोन-अडीच महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती जरा तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटले की खालून करवत. एका झाडाची दोन होतात, शिवाय वरच्या झाडाला चारी बाजूंनी सारखी मुळं फुटलेली असतात, ती कधी कधी मूळ झाडापेक्षाही देखणी निघतात.

खोड आणि मुळं एकाच दिवशी कापली तर चालेल का?

दणकट, तरुण, जमिनीत वाढलेला एल्म दोन्ही सोसतो, हे खरं आहे. तरी मी तसं करायला सांगणार नाही. खोड कापल्यावर जी जोरदार फूट हवी असते तिचं भांडवल जाड मुळांत साठलेलं असतं. तीच त्या दिवशी कापून टाकली तर फूट येते, पण मरतुकडी. एका फेब्रुवारीत मुळं, झाड वर्षभर वाढू द्या, पुढच्या फेब्रुवारीत खोड. आधी मुळं, मग खोड हा क्रम मला जास्त पटतो, कारण नव्या बारीक मुळांवर उभं असलेलं झाड खोड कापल्यावर दुप्पट उमेदीने फुटतं.

मुळं कापायची वेळ झाली हे कसं कळतं?

पाणी घातल्यावर वर तळं साचतं आणि मुरायला वेळ लागतो. झाड कुंडीतून किंचित वर उचललं गेलेलं दिसतं. खालच्या भोकातून मुळं डोकावतात. यातलं काहीही दिसलं तर फेब्रुवारीत झाड उचलून बघा. मातीचा गड्डा कुंडीच्या आकाराचा, आणि बाहेरून मुळांचं जाळं विणलेलं असेल तर वेळ झाली. गड्डा सुटून माती सांडत असेल तर गुपचूप परत ठेवा.

लहान झाडाला वर्ष-दोन वर्षांनी हे करावं लागतं, जुन्याला तीन-चार वर्षांनी. कॅलेंडर बघून दरवर्षी मुळं कापणं हा चांगल्या झाडाला खचवण्याचा हमखास मार्ग आहे.

मुळं कापण्याची पद्धत सविस्तर सांगाल का?

सगळी तयारी आधी. कुंडीच्या भोकांना जाळी, झाड बांधायला तार ओवून ठेवलेली, चाळलेली माती बाजूला, पाण्याची बादली, ओलं फडकं. जागा सावलीची, वारा नसलेली. एल्मची तंतुमुळं उघड्यावर फार पटकन सुकतात. आदल्या दिवशी पाणी कमी द्या म्हणजे माती सुटते.

कुंडीच्या कडेने जुनी सुरी फिरवून झाड बाहेर काढा. मुळं मोकळी करायच्या आकड्याने किंवा जेवणाच्या चिनी काडीने बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने माती मोकळी करत जा. इथे जोर लावू नका. एल्मच्या मुळांची साल जाड आणि मांसल असते, आकडा अडकून ओढला गेला की मोज्यासारखी सोलून हातात येते आणि आतलं पांढरं लाकूड उघडं पडतं. असं मूळ नंतर कुजतं. जिथे आकडा अडतो तिथे पाण्याची धार वापरा.

आता झाड आडवं करून खालून बघा. सरळ खाली जाणारं सोटमूळ आणि त्याच्यासारखी जाड मुळं आधी. ती बुंध्याच्या जितक्या जवळून सपाट कापता येतील तितकी कापा, मात्र त्यांच्या वरच्या बाजूला तंतुमुळं आहेत ना, हे बघून. एखाद्या जाड मुळावरच झाडाची सगळी तंतुमुळं असतील तर यंदा निम्मं, पुढच्या वेळी उरलेलं.

मग बाजूची मुळं. एकावर एक चढलेली, बुंध्याला वळसा घालणारी, उलट आत वळलेली काढून टाका. बाहेर पसरणारी ठेवायची, पण लांब नाही. जाड मूळ आखूड केलं तर कापाच्या जागी फाटे फुटतात आणि तिथून पुढे ते बारीक होत जातं. खोडाला जो निमुळतेपणाचा नियम तोच मुळांना. काप नेहमी असा की कापलेलं तोंड खाली मातीकडे राहील. पाणी साचत नाही आणि वरून जखमही दिसत नाही.

सगळं झाल्यावर मुळांचा पसारा ताटलीसारखा सपाट दिसला पाहिजे. कुंडीत मातीची छोटी ढेपी करून त्यावर झाड हलकेच फिरवत दाबून बसवा, तारेने घट्ट बांधा, काडीने माती मुळांच्या पोकळ्यांत ढकला. बांधणं टाळू नका. वाऱ्याने झाड हललं की नवी आलेली केसांएवढी मुळं तुटतात आणि तुम्हाला कारण कळतही नाही. शेवटी खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने पाणी.

माती म्हणजे विटांचे चाळलेले तुकडे, 3 ते 6 मिलिमीटरचे, आणि त्यात चतुर्थांश गांडूळखत किंवा कुजलेलं पानखत. काळी माती अजिबात नको. ओली झाली की निचरा थांबतो आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात.

एकूण किती मुळं कापावीत?

निरोगी झाडाची एक तृतीयांश, जोरात वाढणाऱ्या तरुण झाडाची निम्म्यापर्यंत. आजारी, नुकतंच विकत आणलेलं किंवा मागच्या वर्षी कमी वाढलेलं झाड असेल तर कापू नका, नुसतं मोठ्या कुंडीत सरकवा. त्याला आधी अंग धरू द्या.

एका बाजूला जाड मूळ आहे आणि दुसरी बाजू रिकामी. उपाय आहे?

आहे, आणि एल्म इथे फार उदार आहे. जाड मूळ दरवेळी आखूड करत गेलं की त्याचा जोर कमी होतो आणि बाकीची मुळं पुढे येतात. रिकाम्या बाजूसाठी एल्मचंच पेन्सिलीपेक्षा बारीक रोप घ्या, बुंध्यात त्या जागी खाच करा, रोपाची साल एका बाजूने तासून खाचेत बसवा आणि छोट्या खिळ्याने किंवा पट्टीने आवळा. रोप वर वाढू द्यायचं, त्याची वाढ सांधा पक्का करते. एक-दोन वर्षांत जोड एकजीव झाला की रोपाचा वरचा भाग कापायचा, खालचं मूळ झाडाचं होतं. मुळांचा पसारा अगदीच हाताबाहेर गेला असेल तर बुंध्याच्या पायथ्याशीच गुटी बांधून नवी मुळं पाडणं हा स्वच्छ मार्ग.

मुळं कापल्यावर पानं पिवळी पडून गळताहेत. झाड गेलं का?

बहुधा नाही. एल्म धक्का बसला की आधी पानं सोडतो. नखाने फांदीची साल किंचित खरवडा, खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. दोन-तीन आठवडे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशी जागा. पाणी वरची माती सुकू लागली की, रोज सवयीने नाही. पानं नसलेलं झाड पाणी कमी पितं, आणि या काळात एल्म मरतात ते जास्त पाण्याने. महिना-दीड महिना खत नको. नवी पानं कडक झाली की निंबोळी पेंड किंवा पातळ द्रवखत सुरू करा.

खडबडीत सालीच्या एल्मला हेच लागू होतं का?

कॉर्क बार्क जातीचे नियम तेच, फक्त एक फरक. त्याची मोठी जखम भरली तरी वर गुळगुळीत नवी साल येते आणि भोवतीच्या खवल्यांत ती चटकन डोळ्यांत भरते. भेगा पडायला अनेक वर्षं जातात. म्हणून या जातीत मोठे काप कमी, आणि मागच्या बाजूला.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दुकानातून एस आकाराचं एल्म आणलं. त्याचं काय करावं?

ही झाडं बहुतेक दक्षिण चीनमधल्या शेतांत तयार झालेली असतात, तिथून ती अमेरिका-युरोपभर घरात ठेवायचं बोन्साय म्हणून विकली जातात. बऱ्याचदा मुळांभोवती चिकट चिखलमातीचा गोळा असतो. पहिलं वर्ष छाटणी विसरा. मे महिन्यात, रात्रीचं थंड वारं गेलं की बाहेर हळूहळू उन्हाची सवय लावा, उन्हाळाभर बाहेर वाढू द्या. पुढच्या मार्चमध्ये डोळे फुगताना तो चिखलगोळा अर्धा काढा, त्याच्या पुढच्या वेळी उरलेला. चायनीज एल्म थंडी सोसतो, पण उबदार घरातून भर हिवाळ्यात बाहेर ठेवलेला नाही.

एसचा वरचा वळसा मला तरी खोटा वाटतो. पहिल्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला फांदी असेल तर तिच्यावर कापा, झाड निम्म्याने लहान होईल आणि बुंधा एकदम भारदस्त दिसेल.

एवढं कापून झाडाचे हाल होत नाहीत का?

हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं विचारतात, आणि तो प्रेमापोटी असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. कुंडीतलं झाड मरतं ते बऱ्याचदा मुळं कोंडल्यामुळे: जुनी मुळं जागा व्यापतात, हवा-पाणी आत जात नाही, टोकं कुजतात. वेळेवर मुळं छाटली की नवी तंतुमुळं येतात आणि पाणी-अन्न शोषण्याचं काम तीच करतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. 1625 पासून तो बोन्साय म्हणून जपलेला आहे. 1945 मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो शहरातल्या यामाकी कुटुंबाच्या अंगणात होता, तिथून वाचला आणि 1976 मध्ये अमेरिकेला भेट म्हणून गेला. पिढ्यानपिढ्या कुणीतरी कुंडी बदलून, मुळं आवरून त्याला सांभाळलं, म्हणून तो आज उभा आहे. हाल होतात ते अशक्त झाडावर, चुकीच्या महिन्यात, हौसेखातर करवत चालवल्याने. ते मात्र खरोखर टाळायला हवं.

कापलेल्या जाड मुळांचं काय करायचं?

फेकू नका! एल्मच्या मुळाच्या तुकड्यातून नवं झाड होतं. पेन्सिलीपेक्षा जाड मुळांचे 8-10 सेंटीमीटरचे तुकडे करा. बुंध्याकडचं टोक वर राहिलं पाहिजे, म्हणून कापतानाच ते टोक सरळ आणि खालचं टोक तिरकं कापायचं, नंतर गोंधळ होत नाही. वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात उभे रोवा, वरचं टोक मातीबाहेर सेंटीमीटरभर. सावलीत ठेवा, माती ओलसर राहील इतकंच पाणी. फेब्रुवारीत लावलेले तुकडे उन्हाळा सुरू होता होता वरच्या कडेने फुटतात. सगळे जगत नाहीत, जाड आणि ताजे बहुतेक जगतात.

यातली गंमत अशी की मुळं आधीच वळलेली, गाठाळ, मध्येच फाटे फुटलेली असतात. अशा तुकड्याला पहिल्याच वर्षी जे खोड मिळतं ते बी लावून आलेल्या रोपाला कित्येक वर्षं मिळत नाही. पहिलं वर्ष फुटव्यांना हात लावू नका. दुसऱ्या फेब्रुवारीत उचलून मुळं बघा, एक शेंडा निवडा आणि टोपलीत मोकळं वाढायला सोडा.